म्हैसूरमधलं भाड्याचं घर

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे. इथल्या हिवाळ्यात खोल्या तापवाव्या लागत नाहीत, पण सकाळी आंघोळीला कढत पाणी हवंच. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते. गच्चीवर सोलर असेल तर हा खर्च बराच वाचतो. लहान कुटुंबाला 100 लिटरचा संच पुरतो. त्याचं तोंड दक्षिणेकडे हवं. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार साचतो, म्हणून सफाई कोणी करायची ते करारातच लिहा.

आता पैशाचं. कर्नाटकात ‘भोग्य’ पद्धत आहे: मासिक भाड्याऐवजी एकरकमी मोठी ठेव, मुदत संपली की सगळी परत. घरमालकाला बिनव्याजी भांडवल मिळतं खरं. पण ते गृहकर्ज फेडण्यात घातलं, तर ठेव परत कशातून देणार? मला ही पद्धत जोखमीची वाटते. मासिक भाडंच बरं. त्यातून घरपट्टी वगळून उरलेल्या रकमेवर प्राप्तिकरात 30 टक्के वजावटही मिळते.

भाडेकरूंनो, घर बँकेकडे गहाण आहे का, हे तपासल्याशिवाय आणि करार नोंदवल्याशिवाय भोग्याची रक्कम देऊ नका.