हरिभाऊंची पहिली कादंबरी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ची कीर्ती वडीलधाऱ्यांच्या तोंडून जेथे कधी ऐकू आली नाही, असे घर आपल्या ज्ञातीत विरळा. यमूसाठी ज्यांनी डोळे पुसले, त्यांपैकी आम्हीही एक. त्याच ओढीने आम्ही त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' हाती घेतली. आणि स्पष्टच सांगावयाचे तर आमची घोर निराशा झाली.

१८८५ साली 'पुणे वैभव' पत्रातून ती प्रसिद्ध झाली, तेव्हा हरिभाऊ अवघे एकवीस वर्षांचे होते. जुने सुटले आणि नवे अंगवळणी पडले नाही, अशा काळातील समाजाचे चित्र काढावे, हा त्यांचा संकल्प. विषय खरा, आणि तो त्यांचाच. परंतु कथेचा सांगाडा मात्र रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराकडून उसना घेतलेला. पागोटे पुणेरी आणि अंगरखा विलायती! माणसे व्यसनापायी बुडतात, पण वाचकाला त्यांचा ना राग येत, ना कीव.

वय लहान होते, असे कोणी म्हणेल. ज्ञानेश्वर महाराजांचा दाखला देऊन आम्ही हरिभाऊंवर अन्याय करणार नाही. तथापि हे समर्थन आम्हांस पुरेसे वाटत नाही. येथे लेखक उंबरठ्याबाहेर उभा राहून घरातल्यांचे दोष मोजतो. पुढे १८९० साली 'करमणूक' निघाले, आणि त्यातून यमू स्वतः बोलू लागली. बाळपणीच्या खेळांपासून सक्तीच्या केशवपनापर्यंत सारे तीच सांगते. मुंबईच्या बिऱ्हाडातील रघुनाथरावांच्या सहवासाचे थोडके सुखही. शंकरमामंजी तर कोणत्याही विलायती खलपुरुषाहून भयंकर वाटतात, कारण ते आपल्याच माजघरात वावरलेले असतात.

आपल्या कित्येक आत्यांनी, आज्यांनी आलवणाच्या पदराआड जे आयुष्यभर गिळले, ते त्या पुस्तकात शब्दाशब्दाने उमटले आहे. 'मधली स्थिती'त अशा एखाद्या स्त्रीचा आवाज आम्ही अखेरच्या पानापर्यंत शोधीत राहिलो.

हरिभाऊ नव्याने वाचू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या हाती म्हणून प्रथम यमूच द्यावी. 'मधली स्थिती' आमच्या कपाटात आहे. ती आम्ही पुन्हा उघडू असे वाटत नाही. रद्दीत मात्र घालवणार नाही.