कोशातील साखर आणि कोरडे डोळे



आरमोरीच्या परिसरात ऐनाच्या झाडांवर कोसा पिकविणारे ढिवर बांधव आपण पाहिले आहेत. त्या अळीच्या रक्तातील मुख्य साखर आपल्यासारखी द्राक्षशर्करा नसून ‘ट्रेहलोज’ होय. द्राक्षशर्करेचे दोन रेणू जोडून ती बनते. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या टेकोड्यांतही ती असते. विगर्स या जर्मन संशोधकास ती १८३२ साली राय धान्यावरील बुरशीत आढळली.

पेशीतील पाणी आटू लागले म्हणजे ही साखर पाण्याची जागा घेते आणि पेशीचे आवरण व प्रथिने यांना सावरून धरते. पाकिटातील वाळलेले यीस्ट कोमट पाण्यात पुन्हा जागे होते, त्यात हिचा मोठा वाटा आहे. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. खर्च नाममात्र आहे.

ट्रेहलोजमुळे पारदर्शक नेत्रपटलाच्या पेशी कोरड्या पडूनही तग धरतात, हे जपानमधील ओकायामा विद्यापीठाचे मात्सुओ यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. त्याच ओकायामात काही वर्षे आधी ही साखर पिष्टापासून स्वस्तात तयार करण्याची पद्धत निघाली होती. पूर्वी ती औषधापुरतीही परवडत नसे. आज तिचे थेंब आपल्या देशातही मिळतात.

चंद्रपूरचा उन्हाळा मी आपणांस सांगावयास नको. तेंदूपानांचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो. तप्त वारा, कोळशाची धूळ, चुलीचा धूर यांनी अश्रूंचा थर लवकर उडून जातो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आणि गंमत अशी की कोरडा डोळाच पुष्कळदा पाणी गाळतो. हे थेंब ओलावा देतात व पेशींचे रक्षण करतात. ऊन आणि धूर मात्र ते हटवू शकत नाहीत.

येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. साखरेचे औषध म्हणून कोणी साखरपाणी, मध किंवा पाल्याचा रस डोळ्यांत घालू नये. ते निर्जंतुक नसते. धानाच्या पात्याने ओरखडलेल्या डोळ्यात त्यामुळे जंतुसंसर्ग बळावला, तर दृष्टी जाऊ शकते. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंबही तितकेच घातक.

आणि सायंकाळी ठेचकाळणारे मूल दिसले, तर त्याला हे थेंब उपयोगाचे नाहीत. त्याचा डोळा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी कोरडा पडत असतो. त्याला तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास या जीवनसत्त्वाची मात्रा मिळाली किंवा नाही, हे पंचायत सदस्यांनी अंगणवाडीच्या यादीवरून याच महिन्यात पडताळून पाहावे.