उपदेशापलीकडे

दुःखाने गांजलेला मनुष्य दाराशी आला की त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, असे कोणाही सहृदय माणसास वाटते. आपल्या भाषेने तर 'समुपदेशन' हा शब्द घडविताना त्याच्या पोटातच 'उपदेश' ठेवला. ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या कार्यातून उपदेशाला रजा दिली, ते कार्ल रॉजर्स स्वतः मात्र धर्मोपदेशक व्हावयास निघाले होते.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळील ओक पार्क येथे झाला. घर धर्मनिष्ठ, शिस्त कडक. ते बारा वर्षांचे असता कुटुंब शेतावर राहावयास गेले. तेथे त्यांना निशाचर पतंगांच्या निरीक्षणाचा छंद जडला आणि शेतकीचे ग्रंथ वाचून प्रयोगाची रीतही उमगली. विस्कॉन्सिन विद्यापीठात ते शेतकीसाठीच दाखल झाले. पण पुढे धर्मकार्याची ओढ लागली. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी ते चीनला गेले. प्रामाणिक माणसांच्याही श्रद्धा परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयात गेले खरे; परंतु व्यवसाय टिकविण्यासाठी ठरीव मते जन्मभर बाळगावी लागावीत, ही कल्पना त्यांना असह्य झाली. रस्त्यापलीकडेच कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज होते. रस्ता ओलांडून ते मानसशास्त्राकडे आले.

तथापि धर्मपीठ सुटले म्हणून उपदेश सुटला असे नव्हे. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर येथे अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करीत होते. एका अतिशय व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येई. लहानपणी तिने मुलाला दूर लोटले, हेच दुखण्याचे मूळ, असे रॉजर्स यांचे निदान होते. ते तिला पटवून देण्याचा त्यांनी नाना परींनी यत्न केला. पण यश येईना. अखेर, आता थांबणे बरे, असे त्यांनीच सुचविले. तिनेही ते मान्य केले. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारले, येथे प्रौढ माणसांनाही मदत मिळते का? होय म्हणताच ती परत खुर्चीवर बसली आणि आपल्या संसारातील निराशा, पतीशी आलेला दुरावा, स्वतःचे अपयश, सारे तिने मोकळेपणी सांगितले. आजवर तिने दिलेल्या कोरड्या माहितीत यांतले काहीच नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला, आणि पुढे आई व मुलगा दोघांनाही त्याचा गुण आला.

कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जावे, हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, ही जाणीव रॉजर्स यांना या अपयशाने दिली. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी 'रोगी' हा शब्द टाळून 'क्लायंट' हा शब्द योजिला. सल्लागाराचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि दुसऱ्याच्या मनात शिरून समजून घेणे, हे त्यांच्या उपचाराचे आधार ठरले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

प्रत्येक व्याधीला हा एकच उपाय पुरेल असे नाही; औषधाची जागा औषधालाच. पण आपल्याकडे कोणी मन मोकळे करावयास येते, तेव्हा आपले निदान तयार असते आणि ऐकणे राहून जाते. अशा वेळी दारापाशी थबकलेल्या त्या आईची आठवण ठेवावी. तिला नवे ज्ञान नको होते. तिला बसावयास एक खुर्ची आणि ऐकणारा एक माणूस हवा होता.