ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवरील फिरती मूठ
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी वसतिगृह, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च अशा विषयांवर जाणत्या मंडळींची भाषणे होत असतात. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे शिकविले एवढेच आमचे भांडवल. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवरील मूठ’ असे सांगितले. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांना वाटले, गुरुजींना ऐकू कमी येऊ लागले असावे. परंतु विषय हाच आहे, आणि आपल्यासारख्या ऐरणीवर वाढलेल्या कुटुंबांपुढेच तो मांडावा असे आम्हांस वाटले. त्याचे कारण ओघाने येईल.

आपल्या वाडवडिलांनी गावगाड्याच्या चाकांना धावा चढविल्या. धाव तापवून लाल करावी, चाकावर बसवावी, वर पाणी ओतावे आणि लाकूड करकरत आवळले जावे, हे दृश्य आमच्या वयाच्या मंडळींनी अंगणात पाहिलेले आहे. पुढे गाड्या गेल्या. १९५९ साली फरीदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर बनू लागला, १९७४ साली पंजाबातून स्वराज आला, आणि हळूहळू आपल्या भात्यांच्या जागी वेल्डिंगची यंत्रे व लेथ आले. आज आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या दुरुस्तीवर पेटते. त्याच दुकानांतून ही मूठ बनते, विकली जाते, बसविली जाते.

ही वस्तू सर्वांनी पाहिलेली असेल. स्टेअरिंगच्या कड्यावर पट्टीने आवळलेली, लिंबाएवढी गोल गुंडी. कोणी तिला नॉब म्हणतो, कोणी मूठ. आमच्या आईने ती प्रथम पाहिली तेव्हा ती म्हणाली, “हा तर जात्याचा खुंटा!” उपमा चांगली होती, पण एक भेद आहे. जात्याचा खुंटा दगडात घट्ट बसलेला असतो; तो स्वतःभोवती फिरत नाही, तळहात त्याच्याभोवती फिरतो. म्हणून दळणाऱ्या बायकांच्या हाताला घट्टे पडत. ही मूठ मात्र आपल्या खिळ्यावर स्वतः फिरते. चाक कितीही फिरवा, तळहात मुठीवर जसा ठेवला तसाच राहतो, मनगटाला पीळ पडत नाही.

शेतात तिचा उपयोग काय, हे ज्याने कधी रोटाव्हेटर ओढला असेल त्याला सांगणे नको. शेताचे टोक आले की चालकाला एकाच वेळी चार कामे करावी लागतात. उजव्या हाताने हायड्रॉलिकचा दांडा ओढून अवजार उचलावयाचे, डावा पाय क्लचवर, उजवा पाय आतल्या बाजूच्या ब्रेकवर, आणि उरलेल्या एका डाव्या हाताने स्टेअरिंग कित्येक वेढे फिरवावयाचे. मूठ नसली तर तो हात चाकाला थोडे ढकलतो, सोडतो, पुन्हा पकडतो. मूठ असली म्हणजे तोच हात न सोडता चाक गरगर फिरवितो. दिवसभरात अशी शेकडो वळणे होतात. पुढे लोडर लावून माती भरणाऱ्यांना व गोदामात फोर्कलिफ्ट चालविणाऱ्यांना तर मुठीवाचून चैन पडत नाही, कारण त्यांचा दुसरा हात सदैव दांड्यांवर गुंतलेला असतो.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पुष्कळ शेतकरी दुकानात येऊन म्हणतात, “स्टेअरिंग जड चालते, मूठ बसवून द्या.” मुठीने स्टेअरिंग हलके होत नाही. चाकाच्या मध्यापासून कड्याचे अंतर जेवढे, जवळजवळ तेवढेच मुठीचे. मग तरफेचा जास्तीचा लाभ येणार कोठून? उलट जे काम दोन हातांत वाटले जात होते ते एका हातावर येते. ज्याचे स्टेअरिंग जड आहे त्याने पुढच्या टायरांतील हवा पाहावी, सांध्यांना ग्रीस द्यावे, स्टेअरिंगच्या पेटीतील तेल पाहावे. जड चाकाला मूठ लावणे म्हणजे लंगड्या बैलाला घुंगरू बांधणे होय.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे आहोत तिच्याकडे येतो.

आमचे धाकटे बंधू वडिलांचे दुकान चालवितात. २००९ सालच्या पावसाळ्यात त्यांनी घरच्याच जुन्या ट्रॅक्टरला स्वतःच्या लेथवर घडविलेली पितळी मूठ बसविली. वस्तू देखणी होती. आम्हीच तिची तारीफ केली होती, हे कबूल केले पाहिजे. त्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग नव्हते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आमचा पुतण्या ओढ्यातून ट्रॅक्टर काढीत होता. उजवा हात मडगार्डवर, डावा मुठीवर. गढूळ पाण्याखालचा धोंडा त्याला दिसला नाही. पुढचे चाक धोंड्यावर आपटले आणि एका बाजूस झटक्याने वळले. त्या झटक्यासरशी स्टेअरिंग उलटे फिरले. पोराच्या हातातून मूठ सुटली, फिरून आली आणि मनगटावर बसली. ट्रॅक्टर ओढ्यातच बंद पडला म्हणून पुढचे निभावले. मनगटाची दोन्ही हाडे मोडली होती. ती जुळली, पण लोहाराचा डावा हात म्हणजे सांडशीचा हात. आज सोळा-सतरा वर्षांनंतरही सांडशीत तापलेले लोखंड धरले की त्याचा हात थरथरतो. तो वेल्डिंग करतो, हिशेब लिहितो; ऐरणीपुढे बसत नाही.

असे का झाले, हे आम्ही नंतर बंधूंजवळ बसून समजून घेतले. साध्या स्टेअरिंगमध्ये हातातील चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सगळी लोखंडाची साखळी असते: दांडा, पेटीतला आटा, खालचा हात, मग आडवे दांडे. आपण वरून फिरविले की खाली वळते, आणि खालून जोराचा धक्का बसला की वर फिरते. पेटी झिजून स्टेअरिंगला खेळ आला असेल तर हा उलटा फटका अधिकच जाणवतो. कडे गुळगुळीत असते. हात सैल धरला तर ते बोटांखालून निसटून जाते. म्हणून जुने चालक अंगठा कड्याच्या आत अडकवीत नसत, वरच ठेवीत. मूठ मात्र बाहेर आलेली असते. चाक फिरले की ती घणासारखी फिरून येते.

शाळेतील सवयीने आम्ही हिशेब केला. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १२५ सेंटिमीटर. पाव सेकंदात चाक अर्धे फिरले असे धरा. मुठीचा वेग सेकंदाला अडीच मीटर होतो. एक फूट उंचीवरून सोडलेला हातोडा खाली येताना साधारण तेवढ्याच वेगाने येतो. अशा हातोड्याखाली आपण कोणी हात ठेवणार नाही.

पॉवर स्टेअरिंगची गोष्ट निराळी. १९५१ साली अमेरिकेत क्रायस्लरच्या मोटारीत ते विक्रीस आले; पुढे ट्रॅक्टरांतही आले. आजच्या ट्रॅक्टरांत जे पूर्ण तेलावर चालणारे स्टेअरिंग असते, त्यात वरच्या दांड्याचा खालच्या चाकांशी लोखंडी सांधा नसतोच. आपण चाक फिरवितो तेवढे तेल सिलिंडरात जाते आणि तेच पुढची चाके वळविते. धोंड्याचा धक्का तेलावर अडतो, हातापर्यंत येत नाही. अशा ट्रॅक्टरावर मूठ निर्धास्त नसली तरी पुष्कळ सुरक्षित आहे. मात्र इंजिन बंद पडले की तेच स्टेअरिंग एकदम जड होते, हे लक्षात असू द्यावे.

अमेरिकेत या वस्तूस ‘सुसाईड नॉब’, म्हणजे आत्महत्येची मूठ, असे नाव पडले. दुसरे नाव ‘ब्रोडी नॉब’. स्टीव्ह ब्रोडी नावाच्या इसमाने १८८६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून नदीत उडी घेऊन जिवंत निघाल्याचा दावा केला. उडी खरी की बनावट याबद्दल तेव्हापासून वाद आहे. पण त्याचे नाव सगळ्या आडदांड साहसांना चिकटले. आणखी एक नाव आहे. एका हाताने मोटार चालविणाऱ्या तरुणांचा दुसरा हात कोठे असे, यावरून ते पडले. ते या कुटुंबमेळाव्यात सांगण्याजोगे नाही.

पुतण्याच्या अपघातानंतर आम्ही फार कडक झालो. गावातील सभेत उठून सांगितले की, सर्वांनी मुठी काढून टाकाव्यात, आणि आमच्या दुकानात एकही विकली जाणार नाही. सभा संपल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी जवळ आला. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात दुबळा झालेला. दांडा कसाबसा ओढता येतो, चाक फिरविता येत नाही. तो म्हणाला, “गुरुजी, माझी मूठ तेवढी काढायला सांगू नका. ती आहे म्हणून मी स्वतःचे रान स्वतः कसतो. नाहीतर रोजाने माणूस लावावा लागेल, आणि तेवढे माझ्या रानात पिकत नाही.” त्याचा ट्रॅक्टर पॉवर स्टेअरिंगचा होता. आम्ही त्याच्या शेतावर गेलो, तासभर बांधावर बसून पाहिले. डाव्या तळहाताने मूठ फिरवीत तो शेताच्या टोकाला असा काही वळे की आम्हांस आमच्याच भाषणाची लाज वाटली. वर्गात फळ्यावर अंक गिरविताना याच मुलाचा हात आम्ही धरून दिला होता. एका अपघातावरून सरसकट नियम करणे ही शिक्षकाची जुनी खोड आहे.

तेव्हापासून आमच्या दुकानाची रीत ठरली आहे. बंधूंनी ती पाळली, तोटा सोसून पाळली. गिऱ्हाईक मूठ मागावयास आले की आधी विचारावयाचे, स्टेअरिंग पॉवरचे की साधे. साधे असेल तर बसवून द्यावयाची नाही. तो शेजारच्या गावातून बसवून आणील, आणो. पॉवरचे असेल तर डाव्या बाजूस, कड्याच्या घेराबाहेर डोकावणार नाही अशी बसवावयाची. पट्टीखाली रबराचा तुकडा घालावयाचा, नाहीतर प्लॅस्टिकच्या कड्यावरून ती नेमकी वळणावरच सरकते. नट दर पंधरा दिवसांनी आवळून पाहण्यास सांगावयाचे. सैल बाहीचा सदरा, हातात कडे, खांद्यावर उपरणे असे असता मुठीला हात लावू नये, हेही सांगावयाचे. यावर लोक हसतात. आणि रस्त्यावर, विशेषतः उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असता, मूठ आहे हे विसरून दोन्ही हात कड्यावर ठेवावेत. मागच्या ओझ्याने ट्रॅक्टरचे तोंड आधीच हलके झालेले असते. त्यात एका हाताने जोरात वळविले म्हणजे ट्रॉली कोणत्या बाजूस जाईल ते सांगता येत नाही.

आपल्या ज्ञातीत आज जी दुकाने आहेत त्यांच्या मालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हा एक प्रश्न गिऱ्हाइकाला विचारीत जा. गिऱ्हाईक जाईल ही भीती आम्हांस ठाऊक आहे. त्या वर्षी आमच्या बंधूंकडून दोन घरे कायमची तुटली. “दादा, तुमच्या भाषणाने माझा धंदा बसला,” असे तो म्हणे. पण मूठ बसविली नाही.

ती पितळी मूठ दुकानातील फळीवर आजही आहे. पुतण्यानेच ती काढून ठेवली, वितळू दिली नाही. आज आम्ही ती सोबत आणली आहे, आणि भंगारातील एक जुने स्टेअरिंग पेटीसकट मांडवाच्या दक्षिण बाजूस बाकावर आवळून ठेवले आहे. खालचा हात हलविला म्हणजे वरचे चाक कसे फिरते, ते पुतण्या स्वतः दाखवील. पंगत बसावयास अजून अर्धा तास अवकाश आहे असे स्वयंपाकघरातून सांगणे आले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मुलांसह तिकडे यावे. मुलांचे हात मात्र चाकापासून दूर धरावेत.