बॅकअप घेतला, पण फॉन्ट राहिला!

मागच्या भागात म्हटलं होतं ना, बाबांचा जुना कॉम्प्युटर अपग्रेड करणार? केला. आणि तोंडावर आपटलो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते आमच्या मशीनमध्ये नाही. म्हणून फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, डिस्क फॉरमॅट केली, लिनक्स मिंट टाकलं. मशीन मस्त पळायला लागलं.

मग बाबांनी आजोबांच्या आठवणींची फाइल उघडली. आजोबांनी सांगितलेलं, बाबांनी टाइप केलेलं. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं! बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

झालं असं, की टायपिंग युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो विंडोजच्या फोल्डरमध्ये होता, आणि मीच पुसला होता.

नशीब, एका जुन्या सीडीवर सापडला. आता सगळं युनिकोडमध्ये आणतोय.

तेव्हा फॉरमॅटआधी घरी विचारा, जुनं मराठी टायपिंग आहे का? फायलींसोबत फॉन्टही कॉपी करा. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!