राबत्या हातांचा विसावा



पडून हात मोडला, तर घरातील सारी माणसे धावून येतात. हाडवैद्याला बोलावणे जाते, शेजारीपाजारी विचारपूस करतात. परंतु एकच लहानशी हालचाल दिवसातून हजारो वेळा करून जो हात हळूहळू निकामी होतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाहणाऱ्याला तो हात धडधाकट दिसतो. ज्याचा दुखतो त्याला मात्र पाण्याने भरलेला तांब्या उचलवत नाही. या दुखण्यास वैद्यकात ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’ असे नाव आहे. आपण त्यास आवर्तनाचा ताण म्हणू. हा ताण जडलेल्या हाताने कसे जगावे, आणि त्या कामी कोणती साधने उपयोगी पडतात, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या सीमाभागात या दुखण्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. निपाणी हे विडीच्या तंबाखूचे गाव. तेथे वखारींतून तंबाखू चाळणाऱ्या आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर पुष्कळ संसार उभे राहिले. 1982 साली ‘युगांतर’ या महिलांच्या चित्रपट-गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा अनुबोधपट काढला, तेव्हा या कष्टांची हकिकत गावाबाहेर पोहोचली. विडी वळणारीचे काम पाहा. पाने भिजवावयाची, पत्र्याच्या मापाने कातरावयाची, चिमूटभर तंबाखू पसरून पान वळावयाचे, तोंड मुडपावयाचे आणि दोरा बांधावयाचा. मजुरी ठरते हजारामागे. एका विडीला बोटांच्या जितक्या हालचाली लागतात, त्यांना हजाराने गुणा, म्हणजे एका दिवसाचा हिशेब निघेल. आणि हे सारे जमिनीवर बसून, मान खाली घालून, मांडीवर सूप घेऊन.

या कामात मनगटात काय घडते? तळहाताच्या बाजूस मनगटात एक अरुंद वाट आहे. बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढी दाटी त्या वाटेत असते. वारंवारच्या घर्षणाने तेथे सूज आली, म्हणजे मज्जातंतू दाबला जातो. मग अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते आणि हातातील वस्तू निसटू लागते. कधी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरा धरतात. त्या विकाराचे वर्णन द केर्व्हेन या स्विस शस्त्रवैद्याने 1895 मध्ये केले. सुरुवातीसच डॉक्टरांना दाखविले, तर विश्रांती, आधारपट्टी आणि औषध यांवर पुष्कळदा भागते. नुसते तेल चोळून वर्षे काढली, म्हणजे शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्मास आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने अवश्य विचारावे, हा त्याचा आग्रह होता. 1713 मध्ये त्याने ग्रंथात आणखी व्यवसायांची भर घातली, त्यात लेखनिकही होते. जन्मभर लेखन करणाऱ्या एका माणसाची हकिकत तो सांगतो. त्याचा उजवा हात लुळा पडला. तेव्हा तो नेटाने डाव्या हाताने लिहावयास शिकला. परंतु थोड्याच काळात डाव्या हातासही त्याच रोगाने गाठले. पुढे तारयंत्रे आली आणि तारबाबूंचे हात आखडू लागले. ब्रिटनमध्ये 1908 साली हे दुखणे नुकसानभरपाईस पात्र अशा रोगांत धरले गेले. दुखणे कामगाराच्या आळसातून आलेले नसून कामातून आलेले आहे, हे तेथे कायद्याने मान्य केले.

मी शिक्षिका आहे. फळ्यावर हात उंच धरून लिहिणे, वह्यांचे गठ्ठे तपासणे आणि अलीकडे संगणकावर माहिती भरणे यांत माझे उजवे मनगट धरले. आज मी जाड पकडीचे पेन वापरते आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधते. शेकहँडला हात पुढे करावा तसा धरून चालविण्याचा उभा माउस मिळतो. त्याने पंजा पालथा ठेवण्याचा ताण वाचतो. सर्वांत मोठे साहाय्य झाले ते बोलून लिहिण्याच्या सोयीचे. 2017 साली गूगलने मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ती उपलब्ध केली. मराठीत शिकवून कचेरीचे कागद कन्नडमध्ये भरणाऱ्या आम्हा सीमाभागातील शिक्षकांना हे दुहेरी वरदान वाटले. वर्गाबाहेर मी ‘काय करायलास?’ असेच विचारीन. यंत्रापुढे मात्र प्रमाण भाषेत, सावकाश बोलते आणि कागद उमटतो.

तथापि, रामाझ्झिनीच्या लेखनिकाचा डावा हात येथे आठवावा. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाने संध्याकाळी सारे लेखनही बोलूनच केले, तर हाताचे ओझे घशावर जाईल. साधन बदलले तरी अतिरेक तोच राहिला, तर दुखणे केवळ जागा बदलते. म्हणून थोडे बोलावे, थोडे लिहावे आणि मधून मधून दोन्ही थांबवावे.

परंतु विडी वळणारी काय करील? बोलून विडी वळली जात नाही. तिच्यासाठी साधने साधी आहेत: पाठीला भिंतीचा टेका, बसावयास पाट, आपोआप उघडणारी स्प्रिंगची धारदार कातरी, आणि कातरणे व वळणे यांची आलटून पालटून पाळी. यांस खर्च फार नाही. विसावा मात्र तिला महाग पडतो, कारण हात थांबला की हजार पुरे होत नाहीत. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, 1976 साली कल्याणनिधीचा कायदा झाला. मजुरीचा दर ठरविताना हाताच्या विसाव्याची मिनिटे त्यात धरली जावीत, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

आणि घरच्या माणसांनाही एक सांगणे आहे. विड्या ठेवून ती उठते आणि त्याच मनगटाने भाकरी थापते, धुणे पिळते. निदान धुणे पिळण्यास तरी पुरुषांच्या मनगटांस हरकत नसावी. बेंदराच्या सणाला आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि त्या दिवशी त्याला जू लावीत नाही. वर्षभर राबलेल्या खांद्याची जाण ठेवणारी ही आपली चाल आहे. तीच जाण घरातल्या राबत्या हातांपर्यंत पोहोचावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.