सरकारला मुदत नसते
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



‘पाच वर्षांसाठी निवडून दिलंय, आता पाच वर्षं बोलायचं नाही,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. सत्तेतले ते ठसक्यात म्हणतात, विरोधातले हताश होऊन. दोघांचंही चुकतं. घटनेच्या अनुच्छेद ८३ मध्ये पाच वर्षांची मुदत आहे, पण ती लोकसभेला. सरकारला मुदत कुठेच दिलेली नाही. अनुच्छेद ७५ सांगतो की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. सभागृहाचा विश्वास आहे तोवर सरकार आहे. दुपारी तो गेला, तर संध्याकाळी राजीनामा.

ही व्यवस्था आपण डोळसपणे निवडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे सरळ हिशेब ठेवला. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. इंग्लंडच्या संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी. दोन्ही पूर्णांशाने एकत्र मिळत नाहीत. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. कारण संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा दोनदा होते: निवडणुकीत मतदार घेतात ती, आणि सभागृहात प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव यांतून सदस्य रोज घेतात ती. बाबासाहेबांच्या मते भारतासारख्या देशाला ही रोजची परीक्षा जास्त गरजेची होती.

या परीक्षेचा निकाल किती काट्यावर लागू शकतो, ते १७ एप्रिल १९९९ ला देशाने पाहिलं. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतला होता आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं. विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं आणि फलकावर आकडे उमटले: बाजूने २६९, विरोधात २७०. तेरा महिन्यांचं सरकार एका मताने गेलं.

विरोधातलं एक मत गिरिधर गमांग यांचं. ते फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी त्यांनी सोडलेली नव्हती. आमदार नसलेल्या माणसाला सहा महिने मुख्यमंत्री राहता येतं, त्यामुळे कायद्याने त्यांचं मत अडवता येत नव्हतं. अध्यक्ष बालयोगींनी निर्णय त्यांच्या सदसद्‌विवेकबुद्धीवर सोडला. आता एक गोष्ट लक्षात घ्या. गमांग यांनी मत दिलं नसतं, तर आकडे २६९-२६९ झाले असते. अध्यक्ष एरवी मतदान करत नाहीत. समसमान मतं पडली तरच त्यांना निर्णायक मत असतं. बालयोगी तेलुगू देसमचे होते आणि तेलुगू देसम सरकारच्या बाजूने होता. एक माणूस गप्प बसला असता तर देशाचं सरकार बहुधा टिकलं असतं.

गमांग यांनी त्या दिवशी मत द्यायला नको होतं, असं माझं मत आहे. एका राज्याचा कारभार हाती घेतलेल्या माणसाने दिल्लीत येऊन केंद्राचं सरकार पाडावं, हे नियमात बसलं तरी संकेतात बसत नाही. आणि संसदीय पद्धत निम्मीअधिक संकेतांवर चालते. पण त्यापुढचं जास्त मोलाचं आहे. पंतप्रधानांनी राजीनामा दिला, दुसरं सरकार बनेना, लोकसभा विसर्जित झाली आणि वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान राहिले. त्याच काळात कारगिलचं युद्ध झालं. सभागृहात हरलेलं सरकार ते लढलं, निवडणूक वेळेत झाली आणि ऑक्टोबरात मतदारांनी त्याच माणसाला परत आणलं. एका मताच्या निकालाचा मान राखला गेला, रस्त्यावर एक काडीही पेटली नाही.

बहुमत काठावर असलं की सभागृहाला धार येते, हे सगळ्यांना कळतं. पण बहुमत राक्षसी असतानाही ती परीक्षा होते का? होते. १९५७ साली काँग्रेसचे साडेतीनशेहून अधिक खासदार होते आणि पंतप्रधान नेहरू होते. आयुर्विमा महामंडळ जेमतेम वर्षाचं होतं. त्या महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या, पैसा विमेदारांचा.

लोकसभेत प्रश्न आला तो सत्ताधारी बाकांवरूनच. तारांकित प्रश्नाचं वैशिष्ट्य असं, की मंत्र्याने लेखी उत्तर वाचून बसायचं नसतं. त्यावर पुरवणी प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं उभ्याउभ्या द्यावी लागतात. पहिलं उत्तर मोघम होतं. म्हणून दुसऱ्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न. १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उभे राहिले, ते व्यवहाराचे तपशील हातात घेऊनच. ते काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते, आणि समोर त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती आपल्या मुंबईत, उघडपणे चालवली. गर्दी एवढी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. मंत्र्यांचा बचाव असा की व्यवहार सचिवांनी केला, मला कल्पना नव्हती. छागलांनी तो मानला नाही. सचिवाच्या कृतीची संसदेपुढची जबाबदारी मंत्र्याचीच, असा निष्कर्ष त्यांनी दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. ना अविश्वासाचा ठराव, ना मतदान. एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला, एवढंच.

आज हे का दिसत नाही? मला दोन कारणं दिसतात. एक, पक्षांतरबंदी. १९६७ नंतर आमदारांनी इतक्या उड्या मारल्या की १९८५ चा कायदा आवश्यकच होता. पण त्याने पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व कोणत्याही मतदानावर जाऊ शकतं, मग विषय सरकार टिकण्याचा असो वा एखाद्या साध्या विधेयकाचा. प्रश्न विचारायला हा कायदा आड येत नाही. पण ज्याचं तिकीट आणि मत दोन्ही नेत्याच्या मुठीत, तो प्रश्नही जपूनच विचारतो. आणि ज्या घाऊक फोडाफोडीसाठी कायदा केला, ती काही थांबलेली नाही, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. व्हिपचं बंधन विश्वासमत आणि अर्थविषयक मतदानापुरतं ठेवावं, या अर्थाची शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती अमलात यायला हवी.

दुसरं कारण, सभागृह भरतच नाही. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या २७४. त्या पाच वर्षांत उपाध्यक्षही निवडला गेला नाही. परीक्षकच वर्गात नसेल तर परीक्षा कोण घेणार?

बहुमत कुठे मोजायचं, हेही १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्कं केलं आहे: राजभवनात नव्हे, सभागृहात. तरी आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि जून २०२२ मध्ये, दोन वेगळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी मतदानाला सामोरं न जाताच राजीनामा दिला. दुसऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पण मुख्यमंत्री चाचणीआधीच पायउतार झाल्यामुळे त्यांना पुन्हा पदावर आणता येणार नाही. सभागृहात उभं राहून हरणं हे बाहेरच्या बाहेर निघून जाण्यापेक्षा लोकशाहीच्या जास्त कामाचं असतं.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. खासदार आपल्याकडे गणपतीच्या आरतीला येतात, लग्नाला येतात, रस्त्याच्या भूमिपूजनाला येतात. पुढच्या वेळी आले की त्यांना विचारा: गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणते प्रश्न विचारलेत, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं? लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचे प्रश्न नावानिशी असतात. ते आधी वाचून जा.